पहिल्या मोहिनीचा आवाज

देवळाली कॅम्पची कोरडी हवा मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. हवापालटासाठीं येथील सॅनिटोरियमांत राहावयास येणारीं कुटुंबें नाशिकास जाऊन गंगेवर स्नान करतात, काळारामाचें दर्शन घेतात, पांडवलेणीं पाहतात आणि परततात. परंतु देवळालीपासून अवघ्या कांहीं कोसांवरील याच नाशिकांत भारतीय चित्रपटांतील पहिल्या स्त्री-कलावंत कॅमेऱ्यापुढें उभ्या राहिल्या, हें त्यांपैकीं कितीजणांस ठाऊक असतें?

दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानें केली होती. कारण चित्रपटांत काम करावयास कोणीच स्त्री मिळेना. त्याच वर्षीं फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ तयार करावयास घेतला. त्यांत दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयी कन्या कमला मोहिनी झाली. हीच पुढें कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर प्रसिद्धीस आली. अकालीं वैधव्य आलें, पदरीं तीन मुलगे. तरी तिनें अभिनय सोडला नाहीं. पुत्र चंद्रकांत व नातू विक्रम यांनींही याच कलेंत नांव मिळविलें.

आज ‘मोहिनी भस्मासुर’ची फीत उपलब्ध नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत चटकन् पेट घेई, नीट न जपल्यास कुजून जाई. शिवाय तींतील चांदीसाठीं जुन्या फिती वितळविल्या जात. रंगभूमीवरील अभिनय तर पडदा पडतांच विरतो. मग या बाईचें मागें काय उरलें असतें? एक नांव! आणि तेंही आपल्या पांढरपेशा समाजानें एके काळीं नाक मुरडूनच उच्चारलेलें.

तसें झालें नाहीं, याचें श्रेय रीना मोहन या दिग्दर्शिकेस आहे. 1992 च्या त्यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटांत नव्वदीच्या घरांतील ही वृद्धा आपली हकीकत स्वमुखें सांगते आणि जुन्या भूमिकाही करून दाखविते. मूकपटांतल्या मोहिनीस आवाज मिळाला तो असा. या माहितीपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला; परंतु आमच्या मतें त्याचें खरें मोल निराळेंच आहे. कलावंतावर माहितीपट काढणें म्हणजे त्याच्या गळ्यांत हार घालणें नव्हे; तो बोलत असतां त्याच्यापाशीं धीरानें बसणें होय.

फाळके यांस हें मर्म फार पूर्वींच उमगलें होतें. 1917 सालीं त्यांनीं ‘चित्रपट कसे तयार करतात’ या छोट्या चित्रपटांत स्वतःचीच कामाची रीत दाखविली. 16 फेब्रुवारी 1944 रोजीं नाशिकांत त्यांचें निधन झालें. तरी त्या फितीचा जो भाग वांचला आहे, त्यांत ते आजही काम करतांना दिसतात.

असे दिग्दर्शक प्रत्येक कलावंतास लाभतीलच असें नाहीं. परंतु जात्यावरच्या ओव्या गाणारी आजी, कीर्तनांत साथ करणारे काका किंवा जुनीं नाट्यपदें आळवणारी आत्या कोणत्या घरीं नसते? आतां तर चित्र आणि आवाज टिपणारें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. तें काढावें, समोर बसावें आणि त्यांना बोलूं द्यावें. मात्र हें त्या आहेत तोंवरच.