जाड कव्हर म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे

पावसाळ्यात कर्जत-खोपोली लोकलने पळसदरीच्या धबधब्याला जाणाऱ्या अनेकांचा समज असतो की, मोबाइलला जाड कव्हर घातले की पाण्याचीही चिंता मिटली. कव्हरचे काम वेगळे आहे. फोन कातळावर आपटतो तेव्हा टीपीयू (रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक) दबते, धक्का क्षणभर लांबतो आणि त्याचा जोर कमी होतो. आंब्याच्या पेटीतला पेंढा हेच करतो. म्हणून नुसत्या जाडीपेक्षा कोपऱ्यांवर असे दबणारे टीपीयू आहे का ते पाहावे, आणि कड स्क्रीनपेक्षा किंचित वर उठलेली असावी. चार्जिंग आणि स्पीकरच्या जागी मात्र कव्हर उघडेच असते. पाणी तिथून शिरते. ‘आमचा फोनच आयपी ६८ आहे’ हे उत्तर अर्धेच खरे. या मानांकनात (धूळ-पाणी रोखण्याच्या क्षमतेची प्रमाणित खूण) ६ धुळीसाठी, ८ पाण्यात बुडण्यासाठी. पण चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते. कोसळत्या धारेची हमी त्यात नाही, शिवाय फोन जुना झाला किंवा पडला की सांध्यांतले सील सैल पडू शकते. धबधब्यावर फोन न्यायचाच असेल तर गळ्यात अडकवायचे वॉटरप्रूफ पाऊच घ्या, आणि आधी त्यात नुसता कागद घालून ते बादलीत बुडवून पाहा. घरी परतल्यावर कव्हर काढून फोन पुसा. कव्हरखाली अडकलेली ओल लवकर वाळत नाही.