नव्या वाहनाचे पहिले तेल

व्यापारी पेढीच्या दारात नवे वाहन येते ते बहुधा मुहूर्त पाहूनच. दसरा, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया हे दिवस आपल्याकडे ठरलेले आहेत. वाहनावर स्वस्तिक रेखले जाते, हार चढतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामास जुंपले जाते. किंमत, कर्जाचे हप्ते, विमा, परवाना या सर्वांचा हिशेब आपण खरेदीपूर्वी दहा वेळा करतो. परंतु ज्या एका लहानशा कामावर त्या वाहनाच्या पुढील आयुष्याचा बराच भाग अवलंबून असतो, त्या पहिल्या तेलबदलाची तारीख मात्र फार थोड्या पेढ्यांच्या रोजनिशीत लिहिलेली आढळते.

याचे कारण आळस नव्हे, हंगाम होय. दसरा ते दिवाळी हे अंतर अवघे तीन आठवड्यांचे. दसऱ्यास घेतलेल्या वाहनाची पहिली सर्व्हिसिंग नेमकी दिवाळीच्या गर्दीत येऊन उभी राहते, आणि पाठोपाठ निपाणी-कोल्हापूर भागात उसाचा व गुळाचा हंगाम सुरू होतो. अशा वेळी एक दिवस गाडी उभी ठेवणे मालकाच्या जिवावर येते, आणि ‘नवी गाडी आहे, तिला काय होणार?’ हा विचार सहजच मनात येतो. वस्तुतः गाडी नवी आहे म्हणूनच तिच्या पहिल्या तेलाकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. ते का, केव्हा आणि कसे, याचा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नव्या इंजिनात काय घडते

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरनजीकच्या शिरोलीत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना ओतकाम व यंत्रकाम कसे चालते हे सांगावयास नको. ओतलेला भाग यंत्रावर कितीही काळजीपूर्वक घासला, तरी भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग डोंगरदऱ्यांसारखाच दिसतो. इंजिनाच्या सिलिंडरच्या आतील भिंतीवर तर होनिंग करून मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा ठेवलेल्या असतात. त्या रेघांत तेल धरून राहते, आणि त्यांच्यावर घासूनच पिस्टनच्या रिंगा आपापल्या जागी बसतात. यालाच आपले फिटर लोक ‘इंजिन बसणे’ असे म्हणतात. हे बसण्याचे काम पहिल्या काही शे किलोमीटरांत सर्वांत वेगाने होते, आणि त्यात झिजलेल्या धातूचे अतिसूक्ष्म कण तेलात उतरतात. जोडणीच्या वेळी सांध्यांस लावलेल्या लेपाचे कणही कधी त्यांत मिसळतात.

तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, रिंगा व सिलिंडर यांमधील फट भरून काढते, गंज थोपविते, आणि इंजिनातील घाण आपल्या अंगावर घेऊन फिल्टरपर्यंत पोचविते. दुकान झाडणारा केर सुपात भरतो, तसेच हे होय. मात्र फिल्टर सर्वच कण अडवितो असे नाही. अतिबारीक कण तेलाबरोबर फिरतच राहतात. पुष्कळ लहान दुचाकींत तर कागदी फिल्टर नसून केवळ जाळी व कण बाजूस फेकणारी फिरती वाटी असते. म्हणूनच दुचाकीचे पहिले तेल लवकर बदलावयास सांगितलेले असते, आणि मोटारीचे उशिरा.

पहिले तेल टिकावे यासाठी पहिल्या हजार किलोमीटरांतील वागणूकही तितकीच महत्त्वाची आहे. नव्या मालगाडीत पहिल्याच खेपेस भरगच्च भाजीपाला भरून ती चोर्ला घाटाने गोव्यास धाडणे, हा तिच्यावर अन्याय होय. वेग कमी-जास्त ठेवावा, वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकीत राहील असे चालवू नये, आणि उभ्या गाडीचे इंजिन तासन् तास चालू ठेवू नये. पूर्वी इंग्लंडात नव्या मोटारीच्या मागे ‘इंजिन बसत आहे, पुढे जावे’ अशा अर्थाची पाटी लावण्याची रीत होती. आजच्या इंजिनांची घडण पुष्कळ सुधारली असल्याने त्या पाटीची गरज उरली नाही. पण त्यामागील शहाणपणाची गरज संपलेली नाही.

केव्हा बदलावे

या बाबतीत बाजारात दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, शंभर किलोमीटर होताच तेल ओतून द्यावे. कोणी म्हणतो, दहा हजारांपर्यंत झाकण उघडूच नये. दोघेही आपापल्या गाडीपुरते कदाचित खरे असतील, पण दुसऱ्याच्या गाडीस तो नियम लावणे म्हणजे एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याच्या बिलात लिहिण्यासारखे आहे. खरा आधार एकच, आणि तो म्हणजे गाडीबरोबर मिळालेली मालकाची पुस्तिका. ती आपण बहुधा कागदपत्रांच्या पिशवीत घालतो व विसरतो.

स्थूल मानाने सांगावयाचे तर बहुतेक दुचाकींची पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १,००० किलोमीटरांच्या दरम्यान येते व बहुधा तेव्हाच तेल बदलले जाते. पुष्कळ पेट्रोल मोटारींच्या बाबतीत हजार किलोमीटरांच्या सुमारास केवळ तपासणी असते, आणि तेल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष झाल्यावर बदलतात. मोठ्या मालमोटारींचे अंतर याहूनही पुष्कळ अधिक असू शकते. मात्र काही मालवाहू गाड्यांत पहिल्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्स व मागील आसाचे तेल बदलावयाचे असते. इंजिनाच्या नादात ते विसरू नये. काही कारखाने पहिल्या तेलात इंजिन बसण्यास उपयोगी अशी विशेष द्रव्ये घालतात व ते मुदतीपूर्वी काढू नये असे स्पष्ट बजावतात. तेव्हा अतिउत्साहही कामाचा नाही.

पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. यांतील ‘किंवा’ हा शब्द आपण व्यापारी लोक करारात जितक्या बारकाईने वाचतो, तितक्याच बारकाईने येथेही वाचावा. ज्यांची गाडी घर, दुकान व मार्केट यार्ड एवढ्याच फेऱ्या करते, त्यांचे किलोमीटर भरत नाहीत. पण अशाच गाडीचे तेल लवकर बिघडते. दोन-तीन किलोमीटरांच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, आतील ओलावा उडून जात नाही, आणि न जळलेले इंधन तेलात उतरत राहते. पुस्तिकांत अशा वापरास ‘कठीण वापर’ म्हटलेले असते व तेलबदलाचे अंतर कमी दिलेले असते. धूळ, घाट व सततचे ओझे हेही त्यातच मोडते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली, तेव्हापासून डिझेल गाडीच्या मालकांना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. या गाड्यांपैकी बहुतेकांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून जास्तीचे डिझेल वापरते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहते, आणि ते डिझेल तेलात झिरपू शकते. डिपस्टिकवरील तेलाची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढलेली दिसली, तर ‘तेल पुष्कळ आहे’ असे समाधान मानू नये. ते पातळ झालेले असण्याचा संभव असतो. अशी गाडी वेळीच कार्यशाळेत दाखवावी.

कोणते तेल घालावे

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ हे आकडे तेलाच्या दाटपणाचे आहेत. डब्ल्यूपूर्वीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंड इंजिनात लवकर पोचते. पुढील आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दाखवितो. ‘दाट तेल ते चांगले’ हा समज जुन्या झिजलेल्या इंजिनांच्या काळातील आहे. आजच्या बारीक फटींच्या इंजिनास पुस्तिकेत पातळ तेल सांगितले असेल, तर तेच घालावे.

दुचाकीत मोटारीचे तेल घालू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि मोटारीच्या काही तेलांतील घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. मोटरसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ अशी खूण पाहावी. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी बहुधा ‘एमबी’ असते. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीस कमी राखेचे तेलच लागते. साध्या तेलाची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साचते, आणि तो बदलण्याचा खर्च वाचविलेल्या पैशांच्या कैक पट होतो.

शेंगदाण्याच्या तेलातील भेसळ वासावरून ओळखणारे आपले बंधू इंजिनाचे तेल मात्र डोळे मिटून घेतात, हे नवल आहे. नावाजलेल्या तेलाचे रिकामे डबे गोळा करून त्यांत भलतेच तेल भरून विकण्याचा उद्योग चालतो. यास्तव अधिकृत विक्रेत्याकडूनच तेल घ्यावे, सील आपल्या देखत फोडवावे, बिल घ्यावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा.

बदलण्याची रीत

हमीची मुदत चालू असता हे काम अधिकृत कार्यशाळेतच करून घेणे श्रेयस्कर. तथापि काम कसे होते हे मालकास ठाऊक असले, म्हणजे त्याची नजर कामावर राहते.

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन थोडे चालवून कोमट करावे व बंद करावे. कोमट तेल सहज वाहते व तळचे कण बरोबर घेऊन येते. फार तापलेल्या तेलाने हात भाजतो, हे ध्यानात असावे. खाली पसरट भांडे ठेवून तळाचा बोल्ट सोडावा व तेल पूर्ण निथळू द्यावे. निथळलेले तेल उजेडात पाहावे. पहिल्या तेलात बारीक चमक दिसणे स्वाभाविक आहे. परंतु बोटांस लागतील असे धातूचे तुकडे आढळले, तर गाडी पुढे न चालविता कारखान्याच्या माणसास दाखवावी व त्याची लेखी नोंद घ्यावी. बोल्टचे वायसर नवे घालावे. फिल्टर बदलताना त्याच्या रबरी कड्यास नवे तेल चोळावे, जुने कडे इंजिनास चिकटून राहिले नाही ना हे पाहावे, आणि पुस्तिकेत सांगितले असेल तितकेच आवळावे. पाना लावून बळ दाखविण्याची ही जागा नव्हे.

नंतर पुस्तिकेत दिलेल्या मापाने तेल ओतावे. लहान मोटरसायकलीस सुमारे एक लिटर, तर लहान मोटारीस तीन ते चार लिटर लागते. मिनिटभर इंजिन चालवून, बंद करून, काही मिनिटे थांबावे व डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी तेल घातक, तसेच जास्तही. जास्त तेल फेसाळते आणि वंगणाचे काम नीट करीत नाही.

जुने तेल व नवी नोंद

काढलेले तेल गटारात, परसात किंवा विहिरीच्या आसपास कदापि ओतू नये. ते मातीतील सूक्ष्म जीवांस मारक आहे आणि पाण्यावर तवंग धरून त्यातील जीवसृष्टीचा श्वास कोंडते. यत्नाचार हा शब्द ज्या समाजात घराघरांत उच्चारला जातो, त्या समाजाच्या पेढीवर तरी असे होऊ नये. वापरलेले तेल शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत मिळवून त्याचे पुनश्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी कायद्याने तेल उत्पादकांवरही टाकलेली आहे. जुने तेल बंद डब्यात भरून कार्यशाळेस किंवा नोंदणीकृत संकलकास द्यावे.

शेवटचे काम वहीचे, आणि त्यात तर आपला हात कोण धरील? वाहन दारी येईल त्याच दिवशी रोजनिशीत पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख व किलोमीटर, दोन्ही लिहून ठेवावेत. काम झाल्यावर दिनांक, किलोमीटर, तेलाची प्रत, माप व बिलाचा क्रमांक यांची नोंद करावी, आणि सर्व्हिस पुस्तिकेवर शिक्का घ्यावा. पुढे हमीचा प्रश्न उद्भवला, तर मालकाच्या तोंडी शब्दापेक्षा हीच नोंद उपयोगी पडते. आणि गाडी विकावयाची वेळ आली, तर घेणाराही अशी वही पाहून चार पैसे अधिक देतो. वीजेवर चालणाऱ्या वाहनांस इंजिनाचे तेल लागत नाही; पण त्यांच्या गिअरपेटीत तेल असू शकते, म्हणून त्यांचीही पुस्तिका वाचावी.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ पेढ्यांवर गाडी चालवितो ड्रायव्हर, आणि तारीख चुकली की बोल लागतो तोही त्यालाच. पण ऐन हंगामात गाडी एक दिवस उभी करण्याचा अधिकार त्याच्या हाती नसतो. तो मालकाचा असतो. घाटात बंद पडलेल्या गाडीजवळ रात्र काढावी लागते ती मात्र त्या ड्रायव्हरला. तेव्हा तो एक दिवस मालकानेच आधी ठरवून द्यावा, हेच न्यायाचे आणि फायद्याचेही आहे. पहिल्या तेलास लागणारा पैसा व वेळ हा खर्चाच्या खात्यावर न मांडता भांडवलाच्या खात्यावर मांडावा, अशी सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.