खेळायला मिळेल, तेच आपले महाविद्यालय?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील अनेक घरांत गुणपत्रिकेबरोबर आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी चांगली खेळते, शाळेच्या संघात तिचे स्थान होते. आता पुढे काय? घराजवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर संघात पहिल्या वर्षापासून जागा मिळण्याची शक्यता अधिक. दादर, माटुंगा किंवा वांद्र्याच्या, खेळासाठी नावाजलेल्या महाविद्यालयात गेले, तर संघ बलाढ्य. पण त्या संघात आपला क्रमांक कितवा लागेल, हे प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. वर्ष-दोन वर्षे राखीव खेळाडूंच्या बाकावर गेल्यानंतर मग दुसरा प्रश्न उभा राहतो. आहे तिथेच थांबावे, की खेळायला मिळेल अशा संघाकडे जावे?

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी साधे अंकगणित आहे. बास्केटबॉलचा सामना आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येकी दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. एका वेळी पाच खेळाडू मैदानात असतात. याचा अर्थ एका संघाच्या वाट्याला सामन्यात एकूण २०० खेळाडू-मिनिटे येतात. बारा जणांत ती सारखी वाटली, तर प्रत्येकाला सुमारे १७ मिनिटे मिळतील. प्रत्यक्षात पहिले पाच-सहा जण तीस-तीस मिनिटे खेळतात आणि शेवटच्या तिघा-चौघांना सामना हातातून गेल्यावर किंवा पक्का जिंकल्यावर दोन-चार मिनिटे मिळतात. तरी बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतो, एवढा दिलासा आहे. क्रिकेटमध्ये तोही नाही. तेथे अकरा जण खेळतात. काही अपवाद सोडले, तर बाराव्याला फक्त क्षेत्ररक्षण करता येते आणि बाकीचे पाण्याच्या बाटल्या नेतात. फलंदाजीच्या क्रमात खाली असलेल्या मुलाला बलाढ्य संघात जागा मिळूनही फलंदाजी मिळत नाही, ही आणखी वेगळी गोष्ट.

अमेरिकेतील उघडा दरवाजा

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप आज अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दिसते. तेथे पूर्वी महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सामने खेळता येत नसत. त्या काळात तो केवळ सराव करीत असे. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक जण दहा वेळा विचार करी. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्यांची नावे नोंदविणारी एक संगणकीय यादी सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा विनाखंड बदल करण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्यास, कितीही वेळा बदल करण्याचा मार्ग मोकळा झाला. परिणाम असा, की २०२५ च्या हंगामानंतर एकट्या पुरुषांच्या अव्वल श्रेणीतील बास्केटबॉलमध्ये दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी या यादीत नाव घातले. त्यांत पैशासाठी जाणारे होते, मोठ्या संघाच्या ओढीने जाणारे होते, तसेच केवळ खेळायला मिळावे म्हणून लहान महाविद्यालयाकडे जाणारेही होते. मात्र जागा मर्यादित असल्याने यादीत नाव घालणाऱ्या प्रत्येकाला नवा संघ मिळतोच, असे नाही. दरवाजा उघडला, की बाहेर पडणे सोपे होते. पलीकडे खुर्ची रिकामी असेलच, याची हमी कोणी देत नाही.

आपल्याकडील जुनी वाट

आपल्याकडे अशी यादी नाही. पण खेळासाठी संस्था बदलण्याची वाट मुंबई परिसराला नवी नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला, तो रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने. शारदाश्रमचा संघ हॅरिस आणि गाइल्स ढालीच्या आंतरशालेय स्पर्धांत सातत्याने पुढे जाई, म्हणजे तेथे सामने अधिक आणि प्रतिस्पर्धी चांगले मिळत.

रोहित शर्माची गोष्ट डोंबिवलीकरांना अधिक जवळची. त्याचे आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत राहत आणि तो बोरिवलीला आजी-आजोबा व काकांकडे वाढला. १९९९ मध्ये तो एका क्रिकेट शिबिरात दाखल झाला. तेथील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपण शिकवीत असलेल्या स्वामी विवेकानंद शाळेत येण्यास सुचविले. शुल्क परवडणारे नव्हते. लाड यांनी शाळेकडून ते माफ करून घेतले. तेव्हा रोहित मुख्यतः ऑफस्पिन गोलंदाज होता आणि आठव्या क्रमांकाच्या आसपास फलंदाजीला येई. लाड यांना त्याची फलंदाजी दिसली, त्यांनी त्याला वर बढती दिली आणि सलामीला येताच त्याने शालेय स्पर्धेत शतक झळकावले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की केवळ शाळा बदलल्याने हे घडले नाही. नव्या शाळेत त्याच्या खेळाकडे पाहणारा माणूस होता आणि त्या माणसाच्या हाती त्याला वरच्या क्रमांकावर पाठविण्याचा अधिकार होता. पालघरचा शार्दूल ठाकूरही याच शाळेच्या संघातून पुढे आला. रोजचा लांबचा प्रवास टळावा म्हणून लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी राहण्यास जागा दिली.

याच्या उलट बाजूही आहे. अमोल मुजुमदार हाही आचरेकरांच्या सांगण्यावरून शाळा बदलून शारदाश्रममध्ये आलेला विद्यार्थी. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तोच होता. त्याची फलंदाजी आलीच नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमविल्या, मुंबईला २००६-०७ चे रणजी विजेतेपद मिळवून दिले. पण भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. अखेरच्या काळात तो आसाम आणि आंध्रकडून खेळला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो मैदानात होता. सर्वोत्तम संघात जाणे म्हणजे सर्वोत्तमांच्या मागे रांगेत उभे राहणेही असते, हे त्याच्या कारकिर्दीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

लोकलचा हिशेब

ठाणे-कल्याणच्या मुलांसाठी या हिशेबात रेल्वेची भर पडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटरवर आहे. कल्याणहून मुंबईतील मैदान गाठण्यास एका बाजूला सव्वा तास धरला, तर दिवसाचे अडीच आणि आठवड्याचे, सहा दिवसांचे, पंधरा तास प्रवासात जातात. हे तास सरावातून, अभ्यासातून किंवा झोपेतून वजा होतात. सकाळच्या गर्दीत क्रिकेटची किट बॅग घेऊन डब्यात शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

अजिंक्य रहाणे या प्रवासातून तयार झाला. डोंबिवलीत, मॅटिंगच्या खेळपट्टीवरील एका लहान शिबिरात त्याची सुरुवात झाली, कारण मोठ्या प्रशिक्षणाचा खर्च कुटुंबाला झेपणारा नव्हता. पुढे मुंबईच्या मैदानांची वाट त्याने लोकलनेच तुडविली आणि सतराव्या वर्षांपासून प्रवीण अमरे यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले. म्हणजे पाया घराजवळ, उंची मुंबईत, अशी ही विभागणी होती.

मग घराजवळच राहून भरपूर धावा काढल्या तर? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. १८९९ मधील ए. ई. जे. कॉलिन्स यांचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला गेला आणि जगभरातून कल्याणकडे लक्ष वळले. मात्र त्याच वर्षी पश्चिम विभागाचा १६ वर्षांखालील संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात त्याचे नाव नव्हते आणि त्यावरून बराच वाद झाला. कारण सरळ होते. विभागाचा संघ राज्य संघटनांच्या संघांमधून निवडला जातो आणि प्रणव मुंबईच्या त्या वयोगटातील संघाकडून खेळलेला नव्हता. निवडीची शिडी एक-एक पायरीची आहे. एका पायरीवर कितीही उंच उडी मारली, तरी मधली पायरी आपोआप पार होत नाही.

राज्य बदलताना

ही शिडी आपल्या परिसरात विशेष अरुंद आहे. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पैकी मुंबई संघटनेची हद्द डहाणू आणि बदलापूरपर्यंत पोचते. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा मुलगा थेट ४२ रणजी विजेतेपदे मिळविणाऱ्या मुंबईच्या रांगेत उभा राहतो. साहजिकच काही जण रांग बदलतात. वसीम जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन रणजी विजेतेपदे मिळविली आणि दुसऱ्या हंगामात चाळिशीतील जाफरने १०३७ धावा काढल्या. कर्नाटकाच्या संघातून वगळला गेलेला करुण नायर २०२३ मध्ये विदर्भाकडे आला, २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ८६३ धावा केल्या आणि २०२५ मध्ये तब्बल आठ वर्षांनी तो पुन्हा कसोटी खेळला. त्यानंतर तो कर्नाटकाकडे परतला.

मात्र हे दोघेही सिद्ध झालेले फलंदाज होते. कोवळ्या वयातील बदलाची किंमत सर्फराझ खानच्या उदाहरणात दिसते. २०१५ मध्ये, अधिक संधीच्या शोधात, तो मुंबई सोडून उत्तर प्रदेशकडे गेला. तेथे मनासारखे जमले नाही. परत यायचे, तर नियमाप्रमाणे एक हंगाम बाहेर बसावे लागले. जानेवारी २०२० मध्ये त्याने वानखेडेवर उत्तर प्रदेशविरुद्धच नाबाद ३०१ धावा काढल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कसोटीपटू झाला. शेवट गोड झाला. पण मधली वर्षे विशीच्या उंबरठ्यावरील होती आणि ती परत मिळत नाहीत. दिनेश लाड यांचा मुलगा सिद्धेश हाही २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि दोन हंगामांनी मुंबईत परतला. राज्य बदलताना आधीच्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी ते मागितले आणि पुढच्याच महिन्यात विनंती मागे घेतली, तेव्हा हा कागद सर्वसामान्य वाचकांनाही परिचित झाला.

निर्णयापूर्वी

या सगळ्यातून महाविद्यालयीन खेळाडूने काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे संघाच्या नावापेक्षा आपल्या जागेची चौकशी करावी. आपण यष्टिरक्षक असू आणि त्या महाविद्यालयाचा यष्टिरक्षक पहिल्या वर्षात असेल, तर तीन वर्षे वाट पाहण्याची तयारी हवी. दुसरी गोष्ट, गेल्या मोसमात त्या संघाने किती सामने खेळले आणि किती वेगवेगळ्या खेळाडूंना मैदानात उतरविले, हे विचारावे. तिसरी, महाविद्यालय किंवा विद्यापीठ बदलल्यास त्या वर्षी आपण स्पर्धेस पात्र राहू का, हे क्रीडाविभागाकडून प्रवेशापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर वर्ष पणाला लावू नये.

चौथी गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्याचा लाभ विहित दर्जाच्या स्पर्धांतील कामगिरीवर मिळतो. त्यामुळे आपला खेळ त्या स्पर्धांपर्यंत नेणारा संघ कोणता, हा प्रश्न रास्त आहे. तितकाच रास्त प्रश्न असा, की खेळ गुडघ्याच्या एका दुखापतीने थांबला, तर त्याच महाविद्यालयाची पदवी आपल्याला हवी आहे का? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर केवळ खेळासाठी तेथे जाणे धोक्याचे.

थांबणेही नेहमी चुकीचे नसते. रहाणे सुमारे सोळा महिने भारतीय कसोटी संघाबरोबर फिरला, त्याच्या देखत इतरांना पदार्पण मिळाले, तो राखीवच राहिला. मार्च २०१३ मध्ये त्याला संधी मिळाली आणि डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून शतक काढून त्याने संघाला सावरले. परंतु त्या सोळा महिन्यांआधी मुंबईसाठी त्याने भरपूर धावा केल्या होत्या. त्याचे थांबणे खेळून तयार झालेल्या खेळाडूचे थांबणे होते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा खेळ अजून घडायचा असतो आणि तो नेटमध्ये निम्माच घडतो. उरलेला निम्मा सामन्यातील चुकांतून घडतो. म्हणून या वयात नाव मोठे की लहान, हा प्रश्न दुसरा. या मोसमात मला किती डाव, किती षटके, किती मिनिटे मिळतील, हा पहिला. त्याचे प्रामाणिक उत्तर देणारा प्रशिक्षक जेथे भेटेल, ते महाविद्यालय दादरला असो वा डोंबिवलीला, तेथे प्रवेश घेण्यास हरकत नाही.