चावडी आणि टपाल : मुक्तस्रोत प्रणालींची जाहीर चर्चा

नागपुरातील एखाद्या शाळेच्या संगणकावर ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकलिखित केला असता त्यातील आडवा अर्धा र नीट उमटत नाही, असे समजू. प्रणाली एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल तर शिक्षकाने तक्रार नोंदवून वाट पाहावयाची. मुक्तस्रोत प्रणालीची गोष्ट निराळी. तिची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते. दोष कोणीही दाखवावा, ज्यास जमेल त्याने दुरुस्त करावा. परंतु देशोदेशी विखुरलेल्या, बहुधा एकमेकांस कधीही न भेटलेल्या या मंडळींनी विचारविनिमय करावयाचा कोठे?

यासाठी आरंभी दोन मार्ग होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ साली ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. तिच्यातील वृत्तगट म्हणजे एक प्रकारची चावडीच. मजकूर तेथे लावलेला असे आणि ज्यास गरज असेल तो येऊन वाची. दुसरा मार्ग टपालयादीचा. एका पत्त्यावर पत्र धाडले की यादीतील प्रत्येकाच्या टपालपेटीत त्याची प्रत पडते. कार्यालयीन परिपत्रक जसे घरपोच यावे तसे.

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता २५ ऑगस्ट १९९१ रोजी प्रथम दिली ती वृत्तगटावर. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली. परदेशस्थ मराठी मंडळींचाही एक वृत्तगट होता. तेथे मराठी बहुधा रोमन अक्षरांत लिहिली जाई.

पण या चावडीला दार नव्हते. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी आपल्या व्यवसायाची जाहिरात हजारो वृत्तगटांवर एकदम चिकटविली. पुढे असा केरकचरा वाढतच गेला. टपालयादीस निदान कारभारी असतो. तो उपद्रवी पत्र अडवू शकतो. लिनक्सच्या गाभ्याची चर्चा टपालयादीवर गेली, आणि आजही ती तेथेच चालते. गूगलने तर २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरील नवा मजकूर घेणेच बंद केले.

टपालयादीचा जाच मात्र लहान नाही. मोठ्या यादीवर दिवसाकाठी शेकडो पत्रे येतात. शिवाय उशिरा आलेल्या सभासदाच्या पेटीत पूर्वीचे काहीच नसते. म्हणून लिनक्सच्या यादीचे दप्तर जाहीर ठेवलेले असते. अमुक बदल का स्वीकारला, तमुक का नाकारला, हे वर्षांनंतरही कोणासही पाहता येते. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. मार्ग कोणता, यापेक्षा निर्णयामागील कारणे मागाहून येणाऱ्यास सापडतात की नाही, हे महत्त्वाचे. गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत शाळेच्या, पाण्याच्या चर्चा होतात खऱ्या. परंतु गटाबाहेरच्या ग्रामस्थास त्यातील अक्षरही दिसत नाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने आपल्या सामाईक चर्चेच्या पानास ‘चावडी’ हेच नाव दिले आहे. सभासद नसलेल्यासही तेथील चर्चा वाचता येते.