नऊ प्रश्न, आणि दारावर येणारी बाई

उज्जैनला रामघाटावर एका संध्याकाळी टेबल मांडलं आणि ‘ज्याला वाटेल त्यानं नैराश्याची चाचणी करून घ्यावी’ अशी पाटी लावली, तर काय हाती येईल? समजा, १००० माणसं आली. प्रत्येकाच्या हाती ‘पीएचक्यू-९’चा कागद: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही का, झोप उडाली का, अन्नावरची वासना गेली का, असे ९ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा वर गेली की पुढची तपासणी.

या चाचणीच्या २००१ सालच्या मूळ अभ्यासात या रेषेवर आजारी माणसांपैकी ८८ टक्के सापडली आणि निरोगींपैकी ८८ टक्के सुटली. आता आपल्या हजारांत ५० जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. ४४ सापडतील, ६ निसटतील. पण उरलेल्या ९५० पैकी ११४ जणांची बेरीजही १० किंवा वर जाईल. म्हणजे १५८ मध्ये खरे रुग्ण ४४. म्हणूनच हा कागद म्हणजे निदान नव्हे. पुढे डॉक्टरांशी निवांत बोलणं व्हायलाच हवं.

आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तो घाटावर येईलच कसा? मला हा प्रश्न त्या आकड्यांहून मोठा वाटतो. उज्जैन-भोपाळ रेल्वेमार्गावरच्या सीहोर जिल्ह्यात ‘प्राइम’ प्रकल्पानं सरकारी आरोग्य केंद्रांत मानसिक उपचारांची सोय केली. तरीही जिल्ह्यातल्या नैराश्यग्रस्तांमध्ये उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांच्या ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातलेच कार्यकर्ते घरोघर पाठवले. ‘टेन्शन आहे’, ‘जीव लागत नाही’ एवढंच म्हणणाऱ्या माणसाला परकी परिभाषा ऐकवण्यापेक्षा ओळखीच्या बाईनं ओसरीवर बसून विचारणं सोपं जातं. तिथं नैराश्यग्रस्तांमध्ये मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, हे खरं. तरी वाढ सहापट आहे.

उज्जैननं टेबल जरूर मांडावं. पण कागदावरचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्यापुढे ज्यानं खूण केली, त्याला बेरीज सांगून वाटेला लावता येत नाही. त्याच्याजवळ त्याच वेळी कुणीतरी बसायला हवं, घरच्यांना बोलावायला हवं, डॉक्टर गाठायला हवा. रात्र झाली असेल तर ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे.