पदवी सांगलीची, परवाना परदेशाचा

कऱ्हाडलगत मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे, तर सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बीडीएस होणाऱ्या मुलामुलींपुढे इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यांत तेच तीन रस्ते असतात. नीट-एमडीएस देऊन पुढे शिकायचे, कर्ज काढून स्वतःचा दवाखाना टाकायचा किंवा परदेश गाठायचा. एमडीएसच्या जागा थोड्या आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क मोठे. दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे आणि मोक्याचा गाळा यांचा खर्च आधी, पेशंट नंतर. कॉलेज संपवून कोणाच्या तरी दवाखान्यात टक्केवारीवर काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना महिन्याअखेरीस काय हाती पडते, हे त्यांच्या आईवडिलांना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे तिसऱ्या रस्त्याचा विचार बहुतेक घरांत एकदा तरी होतोच.

ही चर्चा व्हिसा, पगार आणि विमानाचे तिकीट यांभोवती फिरते. त्या सगळ्याच्या आधी येते ती नोंदणी, म्हणजे त्या देशात पेशंटच्या तोंडात हात घालण्याची कायदेशीर परवानगी. ही परवानगी कशी मिळते, किती वेळ आणि किती पैसा घेते, हे समजून न घेता निघालेल्यांची उमेदीची वर्षे हातची जातात. ती वाचवता येतात, म्हणून हा लेख.

कायदा सीमेपाशी थांबतो

पोटासाठी दूर जाणे या भागाला नवे नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याचे कसब घेऊन देशभरातल्या सराफ बाजारांत पोहोचले. कोणत्याही गावात त्यांना परीक्षा द्यावी लागली नाही. काम पाहून विश्वास मिळत गेला. दंतवैद्याचे तसे होत नाही. माणसाच्या शरीरावर उपचार कोणी करायचे, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. आपल्याकडे १९४८ चा दंतवैद्यक कायदा आला, त्याखाली भारतीय दंत परिषद आणि राज्यांच्या परिषदा उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झाला. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय जतमध्ये किंवा फलटणमध्येही दवाखाना चालवता येत नाही. परदेशातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या भारतीयालाही इथे चाळणी परीक्षा आहे. म्हणजे परक्या देशाने परीक्षा मागितली तर आपली पदवी हलकी ठरत नाही. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी आपण जे मागतो, तेच ते मागतात.

प्रत्येक देशाची वाट वेगळी

ब्रिटनमध्ये ही जबाबदारी जनरल डेंटल कौन्सिलची. भारतीय बीडीएसधारकाला तिथे साधारणपणे ओआरई, म्हणजे परदेशी दंतवैद्यांसाठीची नोंदणी परीक्षा द्यावी लागते. अर्ज करताना इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएसच्या अकॅडेमिक परीक्षेत एकूण ७ आणि प्रत्येक भागात किमान ६.५ गुण हा त्यासाठीचा परिचित निकष. शिवाय खुर्चीत बसलेल्या पेशंटवर स्वतः उपचार केल्याचा १,६०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. पहिल्या टप्प्यात संगणकावरच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका, दुसऱ्या टप्प्यात चार प्रात्यक्षिक भाग. प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त चार संधी, आणि पहिला टप्पा प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा उत्तीर्ण व्हावा लागतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची एलडीएस परीक्षा ही दुसरी वाट आहे.

खरी कसोटी लागते ती जागा मिळवताना. उमेदवार पुष्कळ आणि परीक्षेच्या जागा मोजक्या, त्यामुळे अभ्यास पूर्ण होऊनही ताटकळावे लागते. त्याच वेळी ब्रिटनच्या कित्येक भागांत सरकारी आरोग्य सेवेचा दंतवैद्य मिळत नाही म्हणून लोक हैराण आहेत. या विसंगतीवर उपाय म्हणून परदेशी दंतवैद्यांना देखरेखीखाली तात्पुरती नोंदणी देण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या मतांसाठी मांडला. पूर्ण नोंदणी झाल्यावर खासगी दवाखान्यात काम करता येते. सरकारी सेवेचे पेशंट पाहायचे तर त्या सेवेच्या यादीत वेगळे नाव लावावे लागते.

ऑस्ट्रेलियात तीन पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिल आधी कागदपत्रे तपासते, मग लेखी परीक्षा घेते आणि शेवटी मेलबर्नमध्ये प्रात्यक्षिक. त्यानंतर तिथल्या दंत मंडळाकडे नोंदणीचा अर्ज. कॅनडात राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाची समकक्षता प्रक्रिया आहे: मूलभूत ज्ञानाची परीक्षा, वैद्यकीय निर्णयक्षमतेची परीक्षा आणि ओटावात प्रत्यक्ष कौशल्याची. परवाना मात्र राष्ट्रीय मंडळ देत नाही, तो ज्या प्रांतात काम करायचे त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडून घ्यावा लागतो.

अमेरिकेचे गणित सर्वांत महाग. आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाली तरी बहुतेक राज्यांत परवान्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात दोन ते तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते. परदेशी दंतवैद्यांसाठीच्या या अभ्यासक्रमांना स्पर्धा तीव्र आणि शुल्क प्रचंड. शेवटी राज्याचा परवाना वेगळा. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्नियात आपोआप चालत नाही.

आखाती देश जवळचे आणि वाट तुलनेने आखूड. दुबईत तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची संगणकावरची परीक्षा असते. शिवाय डेटाफ्लो नावाची पडताळणी होते. तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभवपत्र जिथून आले, त्या संस्थेला थेट विचारले जाते. ओळखीच्या डॉक्टरांकडून न केलेल्या कामाचे पत्र आणणाऱ्याचे पितळ इथे उघडे पडते आणि तो शेरा पुढच्या अर्जांतही आडवा येतो. सौदी अरेबियात दंतवैद्यकाच्या नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे, ते पाहूनच तिकडचा विचार करावा.

जर्मनीत भाषेचा डोंगर आधी चढावा लागतो. वैद्यकीय व्यवहाराची जर्मन येते का, याची स्वतंत्र परीक्षा आहे. मग पदवीची समकक्षता तपासली जाते आणि तफावत आढळली तर ज्ञानपरीक्षा. पूर्ण परवान्याला तिथे अप्रोबात्सिओन म्हणतात. तो मिळेपर्यंत मर्यादित मुदतीच्या परवानगीवर देखरेखीखाली काम करता येऊ शकते.

हात आणि जीभ

या परीक्षा पुस्तकी अभ्यासावर सुटतात, असा समज करून घेऊ नये. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या प्रात्यक्षिकांत फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, कॅव्हिटी आणि क्राउनचे काम ठरलेल्या वेळेत करावे लागते. शेजारच्या दाताला बर लागला तरी गुण जातात. निर्जंतुकीकरणाचे नियम, रबर डॅमचा वापर, नोंदी लिहिण्याची शिस्त, सगळे बारकाईने पाहिले जाते. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षात प्रीक्लिनिकलला केलेले हे काम नंतर सुटून गेलेले असते. दोन वर्षे घरी बसून नुसते प्रश्नसंच सोडवणाऱ्यापेक्षा ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) किंवा कोरेगावच्या दवाखान्यात रोज काम करत अभ्यास करणाऱ्याचा हात तिथे जास्त टिकतो.

दुसरी कसोटी बोलण्याची. आपल्याकडे पेशंट खुर्चीत बसता बसता म्हणतो, "डॉक्टर, ठणका लागलाय, काढूनच टाका." आपणही त्याचा खर्च आणि परतीची एसटी लक्षात घेऊन निर्णय सांगतो. तिकडच्या परीक्षेत पेशंटच्या भूमिकेतला नट समोर बसतो आणि त्याला सगळे पर्याय, प्रत्येकाचे धोके, काहीच न करण्याचा परिणाम, हे सोप्या शब्दांत सांगून त्याची संमती घ्यावी लागते. उत्तम शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही इथे अडकतात.

रोजच्या सवयीही बदलाव्या लागतात. आपण वरच्या उजव्या पहिल्या दाढेला १६ क्रमांक देतो. अमेरिकेत तीच दाढ ३ क्रमांकाची. चुकीच्या दातावर उपचार होऊ नये म्हणून ही पद्धत अंगवळणी पडेपर्यंत घोटावी लागते.

आपल्या बाजूला जमेचेही बरेच आहे. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेले पेशंट इथल्या विद्यार्थ्याला ओपीडीत नेहमी भेटतात. कर्करोगाकडे झुकणारी ती अवस्था नजरेने ओळखण्याचा, अवघड दाढा काढण्याचा सराव कृष्णाकाठच्या कॉलेजांत भरपूर होतो. मुलाखतीत हे आत्मविश्वासाने सांगावे.

कागद वेळेवर जमवा

अनुभवी उमेदवारांची सर्वाधिक तक्रार असते ती कागदपत्रांतल्या नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि कधी खाली आईचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधार कार्डावर नाव बदलते, पदवीवर जुनेच राहते. परदेशी तपासनीसाला ही चार वेगळी माणसे वाटू शकतात. त्यामुळे शिकत असतानाच दहावीच्या प्रमाणपत्रापासून पासपोर्टपर्यंत स्पेलिंग एकसारखे करून घ्यावे. नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र जपून ठेवावे.

लागणारी मुख्य कागदपत्रे अशी: पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचे पत्र, राज्य परिषदेचे चालू नोंदणीपत्र, परिषदेकडून मिळणारे गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचे) प्रमाणपत्र, तारखांसह अनुभवपत्रे. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी नाशिकशी, अभिमत विद्यापीठाचे असेल तर पुणे किंवा कऱ्हाडच्या विद्यापीठ कार्यालयाशी संपर्क करावा लागतो. काही देश अपोस्टिल मागतात. हा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा असतो. गुड स्टँडिंग ठरावीक महिनेच ग्राह्य धरले जाते, म्हणून ते सर्वांत शेवटी काढावे. परदेशात राहताना इथली नोंदणी नूतनीकरणाविना लटकत ठेवू नये. ती खंडित झाली तर गुड स्टँडिंग अडते.

लग्न होऊन गेलेल्या डॉक्टर

या विषयाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. पुण्यात आयटीत असलेल्या मुलाशी लग्न होते, त्याची बदली सिडनीला किंवा टोरांटोला होते आणि इथे रोज दहा-पंधरा पेशंट पाहणारी मुलगी तिथे गेल्यावर कायद्याच्या दृष्टीने डॉक्टर उरत नाही. परीक्षेची फी, क्लासचा खर्च, लहान मूल आणि मदतीला कोणी नाही, यात वर्षे सरतात. हे नुकसान त्या एकटीचे नाही. तिच्या शिक्षणात घातलेल्या आईवडिलांच्या कष्टाचेही आहे. लग्नाच्या बोलणीतच तिच्या परवान्याचा खर्च आणि अभ्यासाचा वेळ हा दोन्ही घरांनी मान्य करण्याचा मुद्दा झाला पाहिजे.

मधल्या काळात डेंटल असिस्टंटचे काम करता येते का, हे देशागणिक बदलते. ऑस्ट्रेलियात त्यासाठी नोंदणी लागत नाही. ब्रिटनमध्ये डेंटल नर्सलाही नोंदणी किंवा प्रशिक्षणात प्रवेश लागतो. या कामात कमीपणा मानू नये. तिथली साहित्यसामग्री, नोंदींची पद्धत आणि पेशंटशी बोलण्याची रीत यांचे तेवढे चांगले शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

नोकरी आणि मध्यस्थ

नोंदणी, व्हिसा आणि नोकरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली की दुसरी आपोआप मिळते, असे सांगणारा मध्यस्थ दिशाभूल करतो. कोणतीही परिषद एजंटामार्फत परवाना देत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याची भारत सरकारकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. परीक्षा न देता परवाना, हमखास नोकरी, रोखीने पैसे, यांपैकी एकही शब्द कानावर आला तर उठून यावे.

खर्चाचा हिशेब परीक्षेच्या फीपुरता करू नये. इंग्रजीची चाचणी, पडताळणी, प्रवास, राहणे, साहित्य आणि पुन्हा बसावे लागले तर दुसऱ्यांदा तेच सगळे, असा हिशेब हवा. ऊसबिलावर किंवा शेत तारण ठेवून हा डाव खेळणाऱ्या कुटुंबाने एका अपयशाची तरतूद धरूनच सुरुवात करावी. एकाच वेळी तीन देशांचे अर्ज भरण्यापेक्षा एक देश निवडून त्याची नियमावली मुळातून वाचणे स्वस्त पडते. शुल्क आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे सीनियरने पाठवलेल्या जुन्या माहितीवर विसंबू नये.

सातारा-सांगलीतल्या दंत महाविद्यालयांना एक विनंती. तिसऱ्या वर्षापासूनच या विषयाचे मार्गदर्शन द्या, इंटर्नना केलेल्या कामाची तासानिशी नोंद ठेवायला लावा आणि परदेशी मंडळांकडून आलेल्या पडताळणीच्या पत्रांना वेळेत उत्तर द्या. कॉलेजच्या एका न दिलेल्या उत्तराने विद्यार्थ्याची परीक्षेची फेरी हुकू शकते.

आणि विद्यार्थ्यांनो, जायचे की नाही हे इंटर्नशिप संपल्यावर नव्हे, ती सुरू होताना ठरवा. जायचे असेल तर देश एक निवडा, कागद आज जमवा आणि हात रोज चालू ठेवा. नियम, शुल्क आणि अभ्यासक्रम त्या त्या देशाच्या परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत. ते स्वतः वाचल्याशिवाय कोणालाही एक रुपयाही देऊ नका.