कोवळ्या ज्वारीतले विष



उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या खोऱ्यातील आंध, गोंड व कोलाम वस्त्यांवर बैलजोडी हा घराचा मोठा आधार असतो. वखरणी, पेरणी, डवरणी, गाडी, सारे तिच्यावर. अशा घरात एखादा बैल ज्वारीच्या कोवळ्या धांड्यांत तोंड घालतो आणि तासाभरात मरून पडतो, तेव्हा ‘कोणी करणी केली’ किंवा ‘साप चावला’ असे बोलले जाते. खरे कारण बहुधा सायनाइड असते. शेतकरी याला ‘किराळ लागणे’ म्हणतात.

हे विष ज्वारीत येते कुठून? जमिनीतल्या नत्रापासून झाड अमिनो आम्ले बनवते. त्यांतल्या टायरोसिनपासून ज्वारी ‘धुरिन’ नावाचे द्रव्य तयार करते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ साली ते शोधले. धुरिन एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पान चावले की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटते. किडीपासून आणि चरणाऱ्या प्राण्यांपासून झाडाचे हे संरक्षण आहे.

मग झाड स्वतः का मरत नाही? सायनाइड केवळ ज्वारीत असते असे नाही. भातासह प्रत्येक झाडात इथिलीन हे संप्रेरक तयार होताना थोडे सायनाइड निघतेच. झाड त्याला सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाशी जोडते आणि पुढे त्यातून अ‍ॅस्परॅजिन बनवते. म्हणजे विषातला नत्र पुन्हा अन्नात येतो. भाताच्या रोपांवरील प्रयोगांत दिसले आहे, की थोडे सायनाइड रोपे मुळांवाटे घेतात आणि त्यातला नत्र वापरतात. प्रमाण वाढले मात्र, की पेशींचे श्वसन अडते, नत्र पचवण्याची क्रिया बिघडते आणि वाढ खुंटते. तारणारी गोष्ट एकच: पचवण्याच्या शक्तीपेक्षा विष जास्त नसणे.

बैलाचेही तसेच आहे. त्याचे शरीर गंधकाच्या मदतीने थोडे सायनाइड निरुपद्रवी करून लघवीवाटे टाकते. पण गाई-बैलांच्या पोटातले जंतू धुरिन झपाट्याने फोडतात. उपाशी जनावराने भराभर कोवळा चारा खाल्ला, तर विष एकदम रक्तात जाते. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसते. धाप लागते, लाळ गळते, अंग थरथरते आणि जनावर कोसळते.

धोका केव्हा जास्त? रोप कोवळे असताना, पावसाने दडी मारून वाढ खुंटल्यावर, कापणीनंतर धसकटांना नवे फुटवे आल्यावर आणि युरिया जास्त पडल्यावर.

म्हणून एवढे सांभाळावे:

• ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत तीत जनावर सोडू नये. फुटव्यांच्या शेतालाही हाच नियम.
• चरायला सोडण्याआधी थोडा वाळलेला चारा द्यावा.
• नीट वाळलेल्या कडब्यात विष बरेच कमी होते. नुसता मलूल झालेला चारा सुरक्षित समजू नये.
• लक्षणे दिसताच जनावर शेतातून बाहेर काढून पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही मदत मागता येते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने शिरेतून वेळेत मिळाली, तर जनावर वाचू शकते. थायोसल्फेट शरीराला तोच गंधक पुरवते.
• कोसळलेल्या जनावराच्या घशात काहीही ओतू नये.

वस्त्यांवर जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पावसाने ओढ दिली, की हे घरोघरी जरूर सांगावे. एका बैलाबरोबर त्या घराची वर्षाची शेती वाचते, आणि करणीच्या संशयाने शेजाऱ्यांत पडणारी तेढही टळते.